ताठ उभे राहणे : कणा, स्नायू आणि आत्मविश्वास

भिंत रचताना गवंडी ओळंबा सोडून पाहतो. माणसाच्या उभे राहण्याचीही अशीच परीक्षा करता येते. नीट उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूला ओळंबा धरला, तर त्याची दोरी कानापासून खांद्याच्या मध्यावरून व खुब्याजवळून खाली यावी, गुडघ्याच्या किंचित पुढून जावी आणि घोट्याच्या थोडी पुढे उतरावी. भिंतीत आणि माणसात मात्र एक मोठा भेद आहे. भिंत एकदा उभी राहिली म्हणजे तिला पुढे काही करावे लागत नाही. मनुष्य निश्चल उभा दिसला, तरी त्याचे शरीर मागेपुढे सूक्ष्मपणे डोलत असते, आणि पोटऱ्यांचे व पाठीचे स्नायू त्याला क्षणोक्षणी सावरत असतात. उभे राहणे ही स्थिती नव्हे, ती एक क्रिया आहे.

‘ताठ’ या शब्दाने येथे पुष्कळदा घोटाळा होतो. पाठीचा कणा काठीसारखा सरळ नसतो व तसा तो असूही नये. नवजात अर्भकाचा कणा धनुष्यासारखा एकाच बाजूस वळलेला असतो. मूल मान धरू लागले की मानेचा उलटा बाक स्पष्ट होतो. ते उभे राहून चालू लागले की कमरेचा बाक आकारास येतो. म्हणजे माणसाच्या कण्याची घडण काही अंशी त्याच्या हालचालींतूनच होत असते. हे बाक आणि मणक्यांमधील लवचिक चकत्या मिळून चालताना बसणारे धक्के शोषून घेतात. म्हणून कवायतीच्या मैदानावर छाती फुगवून, कंबर आत खेचून लाकडाच्या ओंडक्यासारखे उभे राहणारे मूल योग्य रीतीने उभे असतेच असे नाही.

मस्तकाचे उदाहरण घेऊ. प्रौढ माणसाच्या मस्तकाचे वजन साधारणतः साडेचार ते साडेपाच किलोग्रॅम असते. ते कण्याच्या बरोबर वर असेल, तर त्याचा बराचसा भार मणकेच पेलतात. मान पुढे झुकली की मस्तक टेकूपासून दूर जाते, आणि तरफेच्या नियमानुसार मानेच्या मागील स्नायूंना अधिक जोराने ओढावे लागते. भरलेली बादली अंगाशी धरणे आणि हात लांबवून धरणे यांत जे अंतर, तेच येथे आहे. न्यूयॉर्कमधील शल्यवैद्य केनेथ हंसराज यांनी २०१४ मध्ये गणिती प्रतिमानाच्या आधारे असे दाखविले की, मान ६० अंश झुकल्यास तिच्यावरील ताण सुमारे २७ किलोग्रॅम भाराइतका होतो. हा आकडा गणिताने काढलेला आहे, प्रत्यक्ष मानेत उपकरण घालून मोजलेला नाही, हे ध्यानात ठेवावे. पुस्तकावर किंवा दूरध्वनीच्या पडद्यावर तासन्‌तास ओणवे होणाऱ्या विद्यार्थ्यांची मान सायंकाळी का अवघडते, ते मात्र यावरून कळते.

मग मुलाला ‘सरळ बस’ म्हणून दहा वेळा बजावले तरी ते पुन्हा पोक का काढते? घरोघरी त्याच्या आळसाला दोष देतात. वस्तुतः अंगस्थिती सांभाळण्याचे काम बहुतांशी जाणिवेच्या खाली चालते. स्नायूंमध्ये आणि सांध्यांमध्ये असलेली संवेदक इंद्रिये, कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय आणि डोळे यांच्याकडून वार्ता येते, व अनुमस्तिष्क इत्यादी भाग तिच्यानुसार स्नायूंना आवरतात. मुलाचे लक्ष गणिताकडे वळले की आज्ञेचा प्रभाव संपतो आणि जुनी सवय परत येते. ही सवय उपदेशाने क्वचितच पालटते. त्यासाठी पुनःपुन्हा केलेली हालचाल लागते.

व्यायामाचे पहिले फळ दंड फुगण्यात दिसत नाही. मोरितानी व डीव्हरीस या संशोधकांनी १९७९ मध्ये दाखविले की, आरंभीच्या आठवड्यांत वाढणारी शक्ती प्रामुख्याने चेतासंस्थेच्या शिक्षणातून येते. स्नायूंची जाडी नंतर वाढते. आरशात काहीच फरक दिसत नाही म्हणून पंधरा दिवसांत आखाडा सोडणाऱ्या तरुणास हे कोणी तरी सांगावयास हवे.

व्यायाम कोणता करावा, याविषयी फार काथ्याकूट करण्याचे कारण नाही. पुढे झुकून बसणाऱ्याच्या पाठीचे, पोटाचे व नितंबांचे स्नायू सबळ व्हावेत आणि छातीचे स्नायू मोकळे व्हावेत, एवढे पाहावे. भुजंगासन, शलभासन, आडव्या दांडीला लोंबकळणे, पोहणे, हे सर्व उपयोगी आहे. सूर्यनमस्कारात कणा आळीपाळीने पुढे व मागे वाकतो. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा प्रसार केला. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे दमवणारी हालचाल करावी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले आहे.

आता आत्मविश्वासाकडे वळू. येथे अतिशयोक्तीचे पीक फार आले आहे. २०१० मध्ये अमेरिकेत ४२ व्यक्तींवरील एका प्रयोगावरून असे प्रसिद्ध झाले की, ऐटीत छाती पुढे काढून एकूण दोन मिनिटे राहिल्याने शरीरातील संप्रेरकेच बदलतात. २०१५ मध्ये २०० व्यक्तींवर तशीच परीक्षा झाली, तेव्हा संप्रेरकांत काही बदल आढळला नाही. केवळ आपण समर्थ आहोत अशी भावना किंचित वाढली. पुढे मूळ संशोधकांपैकी एकीनेही त्या निष्कर्षावरील आपला विश्वास उडाल्याचे जाहीर केले. ऐट आणून धैर्य येत नाही, असेच म्हणावे लागेल.

नियमित व्यायामाची गोष्ट निराळी आहे. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बॅण्ड्युरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, ‘हे मला जमेल’ या विश्वासाचा सर्वांत बळकट आधार म्हणजे स्वतः एखादे काम साध्य केल्याचा अनुभव होय. ज्या मुलीला महिन्यापूर्वी दांडीला पाच क्षणही लोंबकळता येत नव्हते आणि आज अर्धा मिनिट येते, तिला कोणाच्या शाबासकीची फारशी गरज उरत नाही. वर्गापुढे उभी राहताना तिची मान वर असते, व पाहणारे तिच्याकडे निराळ्या दृष्टीने पाहतात. वृद्धांच्या बाबतीतही काही पुरावा मिळाला आहे. कॅलिफोर्नियातील एका परीक्षणात, ज्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, पाठीला पोक आलेल्या साठीच्या व त्यापुढच्या स्त्रीपुरुषांनी सहा महिने आठवड्यातून तीनदा व्यायाम केला. त्यांचा पोक सरासरी सुमारे तीनच अंशांनी कमी झाला. पण स्वतःच्या रूपाविषयीचे त्यांचे मतही सुधारले.

शिक्षकांनी एक काळजी घ्यावी. प्रत्येक वाकडी पाठ सवयीने झालेली नसते. विद्यार्थ्यास पाय जुळवून, हात खाली सोडून कमरेतून वाकावयास सांगावे व मागून पाहावे. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उंच दिसली, तर कणा बाजूस वळून पिळला गेल्याचा संभव असतो. अशा मुलास सर्वांसमोर ‘नीट उभा राहा’ म्हणून लाजवू नये. पालकांना बोलावून त्यास अस्थिरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. वाढीच्या वयात हा दोष लवकर ओळखला, तर तो वाढू न देण्याचे उपाय करता येतात.