गल्ला विम्यात, माणूस वाऱ्यावर

2017 साली दोन गोष्टी घडल्या. तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडून तेथील कष्टकऱ्यांना तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी, माहुलला नेऊन टाकले गेले. त्याच वर्षी राज्याच्या नव्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकाने चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा दिली. रात्रभर औषधांच्या दुकानात, पेट्रोलपंपावर उभा राहणारा पोरगा माहुलसारख्याच वस्तीतून येतो, याचा विचार कोणी केला?

आम्ही विचारतो, मध्यरात्री चाकू दाखवून कोणी गल्ला मागितला, तर या पोराच्या पाठीशी कोण आहे? मालकाला रोकडीचा विमा काढता येतो. कॅमेऱ्याचे तोंड गल्ल्याकडे असते. पोराच्या हाती मात्र बहुतेकदा नेमणूकपत्रही नसते. पैसे दिले तर पगार कापण्याची धमकी, अडवले तर जीव धोक्यात!

कायदा काय सांगतो? नुकसान थेट कामगाराच्या हलगर्जीने झाले असेल, तरच आणि त्याचे म्हणणे ऐकूनच पगार कापता येतो. 1936 च्या वेतन कायद्यात ही तरतूद होती. नोव्हेंबर 2025 मध्ये लागू झालेल्या वेतन संहितेतही ती आहे. चाकूच्या धाकाने झालेली लूट ही हलगर्जी नव्हे. कामाच्या ओघात झालेल्या इजेची भरपाई हाही हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

परंतु सरकारची चाल उलटी आहे. 2017 च्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांची दुकाने बहुतेक बंधनांतून सोडली. 2025 मध्ये ही मर्यादा वीसवर नेली. म्हणजे जिथे रात्री एकटाच माणूस असतो, तिथेच कायदा गैरहजर! डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्ध 2010 मध्ये स्वतंत्र कायदा झाला, पुढे पत्रकारांसाठीही झाला. ते योग्यच झाले. मग दुकानातील पोराचे रक्त स्वस्त आहे काय?

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात मजूरमंत्री होते. 1946 मध्ये कारखान्यातील कामाचा आठवडा 54 वरून 48 तासांवर आला. ती कुणाची कृपा नव्हती.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. रात्रपाळीत किमान दोन माणसे हवीत, गल्ल्यात कमीत कमी रोकड हवी आणि लुटीची वसुली पगारातून करणाऱ्यावर कारवाई हवी. बांधवांनो, नेमणूकपत्र मागा, हजेरीची नोंद जपा आणि एकेकटे राहू नका. एकट्यालाच लुटले जाते, गल्ल्यावरही आणि कायद्यातही.