स्फुरदाचे सोबती

शेतांत टाकलेलें सुपर फॉस्फेट कोणत्या खडकापासून झालें, याची चौकशी सहसा कोणी करीत नाहीं. परंतु ज्या घरांत धान्य निवडल्यावांचून चुलीवर चढत नाहीं, त्या घरानें ती करणें उचित आहे, असें आम्हांस वाटतें.

स्फुरदावांचून पीक वाढत नाहीं, व त्याचें कार्य दुसरें कोणतेंहि द्रव्य करूं शकत नाहीं. जगांतील ज्ञात सांठ्यापैकीं सुमारें ७० टक्के सांठा मोरोक्को व पश्चिम सहारा या प्रदेशांत आहे. मोरोक्कोंतील खुरिबगा येथें १९२१ पासून हा खडक खणला जात आहे. सुमारें ७ ते ५ कोटी वर्षांपूर्वीं तेथें उथळ समुद्र होता. खोल समुद्रांतील सकस पाणी वर येई, त्यांत सूक्ष्म जीव अमाप वाढत, आणि मरून तळाशीं बसत. त्यांच्या अवशेषांतील स्फुरद चिखलांत सांचून हा खडक बनला.

परंतु हे जीव स्फुरदाबरोबर समुद्रांतील कॅडमियम व जस्तहि शोषून घेत. प्राणवायुरहित चिखलांत हीं द्रव्यें अडकलीं. पाण्यांतील युरेनियमहि तेथेंच स्थिरावलें. शिवाय, स्फुरद ज्या ॲपेटाइट खनिजांत असतो, त्याच्या घडणींत कॅल्शियमच्या जागीं कॅडमियम व युरेनियम बसूं शकतात. उलट रशियाच्या कोला द्वीपकल्पांतील ॲपेटाइट अग्निजन्य असल्यामुळें त्यांत कॅडमियम अत्यल्प आहे. तात्पर्य, समुद्रमंथनांत अमृताबरोबर हलाहल निघावें, तसाच हा प्रकार होय.

सुपर फॉस्फेट करतांना खडकावर गंधकाम्लाची क्रिया करितात. तिनें कॅडमियम नाहींसें होत नाहीं, खतांतच राहतें. एका हंगामाची भर क्षुल्लक असते. पण वर्षानुवर्षें तें मातींत सांचतें, तेथून भातांत व पालेभाज्यांत उतरतें, आणि मनुष्याच्या मूत्रपिंडांत दशकेंच्या दशकें ठाण मांडून त्यास अपाय करितें. म्हणूनच युरोपीय संघानें २०२२ पासून आपल्या चिन्हानें विकल्या जाणाऱ्या स्फुरदखतांस दर किलो फॉस्फरस पेंटॉक्साइडमागें ६० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा घातली.

भारतांत उदयपूरजवळ झामरकोट्रा येथें असा खडक निघतो. तरी मोरोक्को, जॉर्डन इत्यादि देशांतून आपणांस तो आणावाच लागतो. तेव्हां खत वर्ज्य करा, असें आम्ही म्हणत नाहीं. मात्र माती तपासून हवें तेवढेंच घालावें, शेणखतास अंतर देऊं नये, व आम्ल जमिनीस चुना द्यावा. त्यानें पिकांत जाणारें कॅडमियम कमी होतें. वडिलार्जित जमीन नातवंडांच्या हातीं देतांना तिच्या क्षेत्रफळाबरोबर तिची शुद्धताहि राखणें, हें कर्त्या पुरुषाचें कर्तव्य आहे.