गोळ्या बंद केल्या, पाळी का लांबली?

पहिल्या बाळानंतर अंतर ठेवायचे म्हणून दोन-तीन वर्षे गोळ्या घेतल्या. आता दुसऱ्या बाळाचा विचार आहे, म्हणून त्या बंद केल्या आणि लगेच पाळी लांबली. मग घरात कुजबुज सुरू होते. "गोळ्यांनी कूस बांधली जाते, आम्ही तेव्हाच सांगत होतो!" सासूबाईंपासून शेजारच्या खालाजानपर्यंत प्रत्येकीकडे एखादा दाखला तयार असतो. सून बिचारी धास्तावते आणि डॉक्टरऐवजी कुणाच्या तरी जडीबुटीकडे वळते. म्हणून भगिनींनो, या विषयावर थोडे उघडपणे बोलू या.

सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या माला-एनच्या पाकिटात २८ गोळ्या असतात. त्यांपैकी २१ गोळ्यांत संप्रेरके असतात, उरलेल्या ७ लोहाच्या. बाहेरून रोज संप्रेरके मिळू लागली की मेंदूतली पीयूषिका ग्रंथी अंडाशयाला हुकूम देणे थांबवते आणि स्त्रीबीज पिकत नाही. लोहाच्या गोळ्या चालू असताना जो रक्तस्राव होतो, ती खरी पाळी नव्हे. संप्रेरकांचा पुरवठा तुटला म्हणून गर्भाशयाचे अस्तर गळते, इतकेच. "गोळ्या घेताना माझी पाळी कशी घड्याळासारखी यायची!" असे पुष्कळ बायका सांगतात. ते घड्याळ पाकिटाचे होते.

गोळी थांबली की तिचे औषध काही दिवसांतच शरीरातून निघून जाते. शेवटच्या संप्रेरकाच्या गोळीनंतर दोन-चार दिवसांत रक्तस्राव होतो आणि स्वतःची पाळी साधारण ४ ते ६ आठवड्यांनी येते. काहींची पहिले तीन महिने मागेपुढे होते. ग्रंथींना पुन्हा आपला ताल धरायला तेवढा वेळ लागतोच. मात्र जिची पाळी लग्नाआधीपासूनच अनियमित होती, तिची पुन्हा तशीच होण्याचा संभव असतो. थायरॉईड किंवा पीसीओएसचा त्रास गोळ्यांच्या काळात झाकला जातो आणि त्या थांबल्यावर उघडा पडतो. दोष मात्र गोळीवर येतो.

उलटेही घडते. पाळी येण्याआधी स्त्रीबीज सुटते, त्यामुळे गोळी सोडल्यावर एकही पाळी न येता दिवस जाऊ शकतात. इतक्यात मूल नको असेल तर गोळी सोडल्या दिवसापासून दुसरा उपाय हवा. आणि पाळी लांबली की पहिले काम म्हणजे लघवीची तपासणी, काढे-चूर्णे नकोत.

'अंतरा' इंजेक्शनचा हिशेब वेगळा आहे, आणि घाबरणाऱ्या बायका याच गटात जास्त. हे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घेतात. त्याचे औषध स्नायूत साठून हळूहळू रक्तात उतरते. साठा संपला तरी अंडाशय जागे व्हायला वेळ घेते. शेवटच्या इंजेक्शनपासून दिवस राहायला साधारण ७ ते १० महिने लागतात, कधी त्याहून जास्त. तोवर पाळी महिनोन्महिने न येणे किंवा मधूनच डाग पडणे चालते. याने कायमचे वंध्यत्व येत नाही. पण ही मुदत इंजेक्शन देतानाच सांगायला हवी. ती सांगितली न गेल्याने किती घरांत रुसवेफुगवे होत असतील! वर्षभरात मूल हवे असेल तर इंजेक्शनपेक्षा गोळी बरी. तांबीत तर संप्रेरकच नसते, ती काढली की वाट पाहण्याचा प्रश्नच उरत नाही.

बाकीचे बदल किरकोळ, पण त्रासदायक. चेहऱ्यावर पुन्हा मुरुमे येतात, दोन-तीन महिन्यांनी केस जास्त गळतात, पाळीत पोट दुखू लागते, रक्तस्राव वाढतो. गोळ्यांमुळे दबलेले हे सारे हळूहळू स्थिरावते. रक्तस्राव वाढला तर हिमोग्लोबिन तपासून घ्या. महिन्याच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा चिकट, पारदर्शक स्राव दिसला तर बिचकू नका. स्त्रीबीज तयार होत असल्याची ती खूण आहे.

आपल्या भगिनींची आणखी एक अडचण असते: अधूनमधून डाग पडतात, मग नमाज-रोजाचे काय? हनफी मसलकात हैजची कमाल मुदत १० दिवस, तर आपल्या कोकणातल्या शाफई घरांत १५ दिवस धरतात. दोन हैजांमध्ये पाकीचे किमान १५ दिवस दोन्हीकडे. मुदतीबाहेरचा स्राव इस्तिहाजा असतो, त्यात नमाज-रोजा सुटत नाही. गोळीनंतरच्या महिन्यांत हा हिशेब गुंतागुंतीचा होतो, म्हणून तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. आलिमाला मसला विचारताना त्या लागतील आणि डॉक्टरही आधी त्याच विचारतील.

मूल हवे असेल तर दिवस राहण्याच्या किमान महिनाभर आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड सुरू करावे. बाळाच्या मेंदू-मणक्याची मूळ घडण पहिल्या चार आठवड्यांतच होते, तेव्हा आईला पुष्कळदा पत्ताही नसतो. पूर्वी अशा व्यंगाचे बाळ झाले असेल, किंवा मधुमेह अथवा फिट्सचे औषध चालू असेल, तर मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

गोळी सोडून तीन महिने पाळी आली नाही, किंवा तासाला पॅड बदलावा इतका रक्तस्राव झाला, तर डॉक्टरकडे जायलाच हवे. वर्षभर प्रयत्न करूनही दिवस राहिले नाहीत (बाईचे वय ३५च्या पुढे असेल तर सहा महिने) तर तपासणी दोघांचीही करायची. शोहरची वीर्यतपासणी सोपी असते, त्यात ना सुई ना भूल. तरीही सुनेची सोनोग्राफी, रक्ततपासण्या आणि तीन गावचे वैद्य झाल्यावरच बहुतेक घरांत त्याचा विषय निघतो.