घरी परतणाऱ्या ज्येष्ठांना हवी वेळेवर माहिती

रुग्णालयातून सुटी मिळताना हाती येणाऱ्या कागदावर औषधे लिहिलेली असतात. घरी सांभाळ कोण करणार, हे नसते. मुले परगावी असलेल्या कोलकात्यातील वृद्धांपुढे हा प्रश्न अधिक बिकट असतो.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी कोलकाता पोलिसांनी ‘द बेंगाल’ या स्वयंसेवी संस्थेच्या सहकार्याने 2009 मध्ये ‘प्रणाम’ उपक्रम सुरू केला. नाव नोंदवलेल्यांशी स्थानिक पोलीस ठाणे संपर्क ठेवते. अचानक आजारपण आल्यास हेल्पलाइनवर मदत मागता येते. शुश्रूषा हे मात्र पोलिसांचे काम नव्हे. त्यासाठी अनेक कुटुंबे खासगी ‘आया सेंटर’कडे वळतात आणि खर्च स्वतः सोसतात. रुग्ण दाखल असतानाच नातेवाइकांना या दोन्हींची माहिती मिळाली, तर सुटीच्या दिवशीची धावपळ टळू शकते.

देशातील ज्येष्ठांना माहिती व मार्गदर्शन देण्यासाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये 14567 क्रमांकाची ‘एल्डरलाइन’ सुरू केली.