जर्मन मदत आणि गावची हजेरी

परदेशी मदतीचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच मते ऐकू येतात. कोणी म्हणतो ही भीक. कोणी म्हणतो मिळते आहे तर घ्यावे. १९५६ च्या करारानंतर अमेरिकेचा पी. एल. ४८० चा गहू आला, तेव्हाही हाच वाद झाला. आम्ही मात्र दोनच प्रश्न विचारतो: पैसा कोणाच्या हाती पडला आणि हजेरी कोणाची लागली?

या दृष्टीने पाहण्याजोगे उदाहरण फार लांब नाही. १९९२ साली महाराष्ट्रात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम सुरू झाला. मूळ कल्पना फादर हर्मन बाखर यांची. हे स्विस जेझुइट धर्मगुरू १९४८ साली भारतात आले आणि त्यांनी नगर जिल्ह्यात दीर्घकाळ काम केले. पैसा जर्मन सरकारचा. गावाला तयार करण्याचा खर्च जी.टी.झेड. या जर्मन संस्थेने दिला. प्रत्यक्ष कामाचा पैसा के.एफ.डब्ल्यू. या जर्मन बँकेकडून नाबार्डमार्फत आला. गावे तयार करण्यासाठी १९९३ साली नगरला वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट स्थापन झाला. गावात ठेकेदार नव्हता. गावाने निवडलेली पाणलोट समिती आणि तिच्या पाठीशी असलेली स्वयंसेवी संस्था यांनी मिळून काम करावयाचे होते.

कामाचा क्रम माथ्याकडून पायथ्याकडे. सातमाळ्याच्या कुशीत राहणाऱ्या चांदवडकरांना हे फार समजावून सांगावयास नको. डोंगरावरचे पाणी घटकाभरात ओढ्याला लागते आणि जाताना माती घेऊन जाते. म्हणून आधी उतारावर समपातळीत चर, झाडे, गवत. मग शेतांची बांधबंदिस्ती. बंधारा सर्वांत शेवटी. आधी बंधाराच बांधला तर तो दोनचार पावसाळ्यांत गाळाने भरतो. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत १९९६ ते २००१ या काळात असे काम झाले. पूर्वी तेथे उन्हाळ्यात टँकर लागे आणि शेतात काम तीनचार महिने मिळे. पुढे ते नऊदहा महिने मिळू लागले. मजुराच्या दृष्टीने याहून मोठा हिशेब नाही.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. अंगमेहनतीच्या कामाच्या खर्चापैकी निदान १६ टक्के गावाने श्रमदानाने भरावयाचे, अशी अट होती. म्हणजे शंभर रुपयांच्या कामात सोळा रुपयांचा घाम फुकट. ज्याच्या विहिरीला पाणी वाढणार त्याने तो गाळावा, हे न्यायाचेच आहे. पण ज्याला विहीर नाही, जमीनही नाही, त्याने काय म्हणून? नियम करणाऱ्यांनी हे ओळखले होते. भूमिहीन आणि एकट्या पालकाच्या गरीब कुटुंबांना त्यांनी सूट दिली. कागदावरची सूट हजेरीपत्रकावर उतरते की नाही, हे पाहणारा माणूस मात्र समितीत हवा. आणि समितीत बहुधा बागायतदारच पुढे बसतो, हा आमचा अनुभव आहे.

चराईबंदीचेही तसेच. माथ्यावर गवत वाढावे म्हणून मोकळी चराई बंद. गवत कापून न्यावे, जनावर दावणीला बांधावे. गाय बांधता येते. धनगराचा कळप कसा बांधणार? भूमिहीन बाईच्या दोन शेळ्या हीच तिची बँक, आणि ती चरते त्याच माथ्यावर.

या अनुभवावरून पुढे १९९९-२००० साली नाबार्डमध्ये पाणलोट विकास निधी उभा राहिला. तो पैसा भारताचाच होता. तेव्हा जर्मनांना दोष देऊन सुटका नाही. माथा बंद करण्याच्या ठरावावर शेळीवाल्या बाईचा अंगठा आहे का, हे आता आपल्याच ग्रामसभेत विचारावे लागते.