नानीची बोली फोनला कोण शिकवणार?

गेल्या पावसाळ्यात माझी अम्मी, म्हणजे मुलांची नानी, आमच्याकडे राहायला आली होती. तिचे सगळे आयुष्य रत्नागिरीजवळच्या खाडीकाठी गेले. मोतीबिंदूमुळे फोनवरची अक्षरे तिला दिसत नाहीत. म्हणून माझ्या मुलीने तिला एक युक्ती शिकवली. "नानी, इथे बोट ठेवायचं आणि मराठीत विचारायचं. फोन उत्तर देतो."

नानीने आपल्या कोकणी ढंगात विचारले, उद्या पाऊस पडेल का? फोनने तिला पावस गावाचा रस्ता दाखवला. तिने पुन्हा विचारले, पुन्हा पावस. मुले हसून लोटपोट झाली. नानीही हसली, पण फोन खाली ठेवताना म्हणाली, "याला माझं बोलणं समजत नाही, का मलाच बोलता येत नाही?"

तिचा हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. सत्तरी ओलांडलेल्या बाईला एक यंत्र तिच्याच मायबोलीत अडाणी ठरवते, हे कसे? उत्तर शोधताना कळले की फोन जन्मतः कोणतीच भाषा जाणत नाही. त्याला ती माणसे शिकवतात, आणि त्यांतले कित्येक जण हे काम एक पैसाही न घेता करतात.

यंत्र शिकते कसे?

लहान मूल घरातली बोलणी हजार वेळा ऐकते आणि शिकते. कृत्रिम बुद्धिमत्तेचेही काहीसे तसेच आहे. तिला ढीगभर नमुने लागतात. हा आवाज, आणि या आवाजात बोललेले वाक्य हे. अशा हजारो जोड्या मिळाल्या की यंत्र आवाजावरून शब्द ओळखू लागते. ज्या तऱ्हेचे आवाज त्याने ऐकलेले नसतात, तिथे ते अडखळते.

मराठीतच पाहा. 'चार' आणि 'चारा' या शब्दांत अक्षर एकच, 'च'. पण उच्चार वेगळे. घरात उर्दू किंवा दखनी बोलणाऱ्याच्या तोंडी हाच 'च' आणखी निराळा येतो. कोकणातला सूर वेगळा, मराठवाड्यातला वेगळा, विदर्भातला वेगळा. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा असलेले लोक ८ कोटी ३० लाखांच्या घरात आहेत. यंत्राने फक्त पुण्या-मुंबईच्या शिकलेल्या तरुणांचे आवाज ऐकले, तर बाकीच्यांनी काय करायचे?

नकळत केलेली मदत

या कामात आपण सगळ्यांनी कधी ना कधी हात लावला आहे. एखादा अर्ज भरताना वेडीवाकडी अक्षरे दाखवून 'ही ओळखा' असे सांगितले जाई, ते आठवते? ग्वाटेमालात जन्मलेले संशोधक लुइस फॉन आन यांनी अमेरिकेच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात २००७ साली या कल्पनेतून 'रीकॅप्चा' तयार केले. त्यात दोन शब्द दिसत. एक यंत्राला ठाऊक असलेला आणि दुसरा जुन्या छापील कागदावरचा, यंत्राला न वाचता आलेला. पहिला शब्द बरोबर लिहिला की माणूस खरा ठरे आणि दुसरा शब्द वाचून दिल्याने छापील मजकूर संगणकावर येई. न्यूयॉर्क टाइम्सचे जुने अंक अशा रीतीने उतरवले गेले. २००९ मध्ये गुगलने रीकॅप्चा विकत घेतले. पुढे रस्त्यांवरच्या पाट्या आणि सिग्नल ओळखायला लावणारी चित्रे आली.

पण तिथे आपल्याला विचारून कोणी काम घेतले नव्हते. जाणूनबुजून, समजून-उमजून मदत करायची असेल तर त्याचेही मार्ग आहेत.

आवाजाचे दान

'मोझिला'ने २०१७ मध्ये 'कॉमन व्हॉइस' हा उपक्रम सुरू केला. त्यात मराठी आहे, उर्दूही आहे. काम सोपे आहे. पडद्यावर एक छोटे वाक्य येते, ते आपल्या नेहमीच्या आवाजात वाचायचे. पाच वाक्ये झाली की ती पाठवायची. दुसरे काम ऐकण्याचे. कोणीतरी वाचलेले वाक्य ऐकायचे आणि समोरच्या मजकुराशी जुळते का ते सांगायचे. दोन जणांनी 'बरोबर' म्हटले की ते ध्वनिमुद्रण पक्के होते. वय, लिंग, बोलण्याचा ढंग ही माहिती द्यावी की नाही, हे आपल्या मर्जीवर. स्वतः लिहिलेली साधी वाक्येही सुचवता येतात. जमा झालेला साठा कोणालाही मोफत वापरता येतो. त्यात इंग्रजीचे हजारो तास आहेत. मराठीचे त्या मानाने मूठभर.

आपल्या सरकारनेही २०२२ मध्ये 'भाषिणी' हा उपक्रम सुरू केला. त्यातल्या 'भाषादान'मध्ये चार कामे आहेत. ऐकून लिहिणे, वाचून बोलणे, वाक्याचे भाषांतर करणे आणि चित्रातला मजकूर ओळखून लिहिणे.

आपल्या घरांना जवळचे वाटेल असे आणखी एक उदाहरण आहे. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या काही मुस्लिम तरुणांनी 'तरतील' नावाचा प्रकल्प सुरू केला. कुरआन पाठ करणाऱ्याची तिलावत ऐकून सुटलेला किंवा चुकलेला शब्द दाखवणारे ॲप त्यांना बनवायचे होते. नामवंत कारींची ध्वनिमुद्रणे भरपूर होती, पण ती बहुतेक पुरुषांची, उत्तम उच्चारांची आणि स्टुडिओत केलेली. घरात बसून पाठांतर करणारी आठ वर्षांची मुलगी किंवा अडखळत वाचणारे वृद्ध गृहस्थ यांचे आवाज त्यात कुठून असणार? म्हणून त्यांनी जगभरच्या सामान्य मुसलमानांना आवाहन केले. दहा हजार ध्वनिमुद्रणे जमवायचे ठरवले होते, पहिल्या संचात जमली सुमारे पंचवीस हजार. आज हाफिज होऊ पाहणारी कितीतरी मुले हे ॲप वापरतात. उस्तादाची जागा ते घेऊ शकत नाही, पण उस्ताद घरी गेल्यावर सबक पक्का करायला त्याची मदत होते.

फुकट का करायचे?

हा सवाल रास्त आहे. मोठ्या कंपन्या कोट्यवधी कमावतात, मग आपण आवाज फुकट का द्यावा? छायाचित्रे ओळखायला शिकवणारा 'इमेजनेट' हा प्रसिद्ध संच फेई-फेई ली यांच्या चमूने २००९ मध्ये मांडला. त्यासाठी इंटरनेटवरून हजारो लोकांना थोडेथोडे पैसे देऊन काम करून घेतले होते. मराठीतही असा एक चांगला प्रयोग झाला. त्याचा अहवाल २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. गावातले गरीब, शहरातले गरीब आणि विद्यापीठातले विद्यार्थी अशा ३६ जणांकडून १०९ तासांचे मराठी वाचन मोबदला देऊन जमवले गेले. गरिबांनी केलेल्या कामाचा दर्जा विद्यार्थ्यांच्या तोडीचा निघाला. ज्यांना आपण 'यांना काय जमणार' म्हणतो, त्यांनी ते करून दाखवले.

म्हणून हिशेब सरळ ठेवावा. कंपनी आपल्या नफ्यासाठी काम सांगत असेल तर मेहनताना मागावा. साठा सर्वांसाठी खुला असेल तर ते दान समजावे. मात्र खुल्या साठ्यातून कंपन्याही घेतात, हे माहीत असू द्यावे. एकदा प्रसिद्ध झालेला आवाज सगळ्या ठिकाणांहून परत घेता येत नाही, हेही पक्के लक्षात ठेवावे.

घरातल्यांसाठी काही सूचना

काही घरांत मुलीबाळींचा आवाज असा बाहेर देण्याबद्दल संकोच असतो. तो निर्णय ज्या त्या स्त्रीने आणि घराने करावा. पण आवाज द्यायचा नसेल तर ऐकून तपासण्याचे, लिहिण्याचे किंवा भाषांतराचे काम करता येते. तेही तितकेच मोलाचे आहे. कॉमन व्हॉइसमध्ये १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना पालकांची संमती लागते, तेव्हा मुलांसोबत आपणही बसावे.

वाचताना शांत खोली निवडा. पंखा, टीव्ही, कुकरची शिट्टी टाळा. आवाज बदलून बातम्या दिल्यासारखे वाचू नका, नेहमी बोलता तसेच बोला. वाक्यात जे लिहिले आहे तेच वाचा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे अशा स्वयंसेवी कामासाठी आधार क्रमांक, बँकेचा तपशील किंवा ओटीपी लागत नाही. 'घरबसल्या काम करा, रोज हजारो कमवा' असे संदेश पाठवून आधी थोडे पैसे देणारे आणि मग 'डिपॉझिट' भरायला लावणारे ठग खूप आहेत. कामासाठी कोणी आपल्याकडूनच पैसे मागितले की तिथेच थांबा. फसवणूक झाली तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

नानीची पाच वाक्ये

एक अडचण मात्र उरलीच. यंत्राला ज्यांचे बोलणे कळत नाही, त्यांतल्या अनेकांना पडद्यावरचे वाक्यही वाचता येत नाही. नानी कशी वाचणार? तोड मुलीनेच काढली. ती वाक्य हळूच नानीच्या कानात सांगे, मग बटण दाबे. नानी बिस्मिल्लाह म्हणून बसली आणि तेच वाक्य आपल्या सुरात बोलली. पहिल्या दोन वेळा ती मध्येच "बरोबर झालं का?" असे विचारू लागली, म्हणून पुन्हा करावे लागले. पाच वाक्यांना अर्धा तास लागला.

आता तिची वाक्ये कोणीतरी अनोळखी माणूस ऐकेल आणि 'बरोबर' की 'चूक' ते ठरवेल. तिथे कोकणचा सूर कानाला परिचित असलेले कोणी बसलेले हवे. नाहीतर शब्द तेच असूनही तिचा ढंग चूक ठरायचा. म्हणून रोज रात्री जेवणानंतर दहा मिनिटे मी ऐकण्याच्या कामाला बसते. तुमच्या घरात दापोलीची, परभणीची, मिरजेची बोली असेल, तर तुम्हीही बसा.

नानी गावी परतली. परवा तिचा फोन आला. सगळ्यांची खुशाली विचारून झाल्यावर म्हणाली, "काय गं, तो फोन आता शिकला का?"

मी म्हटले, "शिकतोय, अम्मी. वेळ लागेल."

"लागू दे. तुम्हालाही बोलायला शिकवलंच की मी."