विश्लेषण : काड्यांच्या चौकोनांतून बीजगणित कसे उलगडते?

शाळेत ‘बैजिक राशी’ हे प्रकरण सुरू झाले की आकड्यांच्या जोडीला अक्षरे येतात आणि अनेक मुलांचे गणिताशी बिनसते. पाठ केलेली सूत्रे परीक्षेपुरती टिकतात, पण अक्षर मुळात कशासाठी आले, हे कळत नाही. ही अडचण दूर करण्यासाठी वाढत जाणाऱ्या आकृत्यांचा उपयोग केला जातो. ही पद्धत नेमकी काय आहे?

अडचण कुठे येते?

‘३आ म्हणजे तीन आंबे’ असे सांगून अक्षराची ओळख करून दिली जाते. हे ऐकायला सोपे, पण त्यामुळे अक्षर हे संख्येऐवजी वस्तूचे टोपणनाव ठरते. मग ‘आ गुणिले आ’ म्हणजे काय, याचे उत्तर सापडत नाही. इंग्लंडमध्ये १९७०च्या दशकात डीटमार कुचेमान यांनी शाळकरी मुलांच्या आकलनाचा अभ्यास केला. अक्षराला वस्तू किंवा एखादी ठरावीक संख्या समजणारी मुले त्यात बरीच आढळली. ‘कोणतीही संख्या’ या अर्थाने अक्षर वापरू शकणारी मुले मात्र थोडीच होती.

आकृत्यांमधून सूत्र कसे मिळते?

काडेपेटीतील काड्यांचा एक चौकोन करायला ४ काड्या लागतात. त्याला लागून दुसरा चौकोन केला तर मधली काडी सामाईक असल्याने एकूण ७ लागतात, तिसऱ्याला १०. शंभर चौकोनांसाठी किती? ‘४००’ हे घाईचे उत्तर चुकीचे आहे. ‘१० चौकोनांना ३१, म्हणून २० चौकोनांना ६२’ हा हिशेबही चुकतो, कारण प्रत्यक्षात ६१ काड्या लागतात.

सुरुवातीची एक उभी काडी आणि पुढे प्रत्येक चौकोनाला तीन, असे पाहिले तर क्ष चौकोनांसाठी ३क्ष + १ काड्या लागतात. म्हणजे शंभरासाठी ३०१. इथे क्ष ही चौकोनांची संख्या आहे. ती बदलते, नियम तोच राहतो.

एकाच आकृतीची अनेक सूत्रे?

दुसरे मूल म्हणेल : पहिल्या चौकोनाच्या ४ काड्या, नंतर प्रत्येकी ३. त्याचे सूत्र ४ + ३(क्ष – १). तिसरे मूल वरच्या क्ष, खालच्या क्ष आणि उभ्या क्ष + १ काड्या वेगळ्या मोजेल. सूत्रे तीन, काड्या मात्र तेवढ्याच. मग ही सूत्रे सारखीच असली पाहिजेत, हे मुलांना आधी पटते. कंस सोडवणे, सजातीय पदे एकत्र करणे या क्रियांना त्यानंतर अर्थ येतो.

ही कल्पना नवी आहे का?

नाही. आर्यभटाने इ. स. ४९९ मधील ‘आर्यभटीय’ ग्रंथात श्रेढीच्या बेरजेचे नियम दिले. त्यातील ‘चितिघन’ हा शब्दच रचलेल्या राशीवरून आला आहे. पुढे केरळमधील नीलकंठ सोमयाजी यांनी त्यावरील भाष्यात असे नियम आकृत्यांनी पटवून दिले. १ ते १० पायऱ्यांच्या दोन सारख्या जिन्याकृती उलटसुलट जोडल्या की १० बाय ११चा आयत होतो. त्याची निम्मी घरे ५५, हीच १ ते १०ची बेरीज.

पाठ्यपुस्तकांत काय आहे?

एनसीईआरटीच्या सहावीच्या २००६च्या पुस्तकात बीजगणिताची सुरुवात काड्यांनी बनवलेल्या इंग्रजी ‘एल’ अक्षराने होते. २०२४ मध्ये आलेल्या सहावीच्या ‘गणित प्रकाश’ पुस्तकाचे पहिलेच प्रकरण आकृतिबंधांवर आहे.

मर्यादा कोणती?

आकृती बाजूला ठेवून फक्त ४, ७, १० हा तक्ता भरून घेतला, तर ‘तीन-तीनने वाढते’ एवढेच हाती लागते. शिवाय केवळ आकडे फसवू शकतात. वर्तुळावरील बिंदू एकमेकांना रेषांनी जोडले की वर्तुळाचे जास्तीत जास्त भाग १, २, ४, ८, १६ असे होत जातात. सहाव्या बिंदूला ३२ होतील असे वाटते, पण ३१च होतात. म्हणून ‘पुढची संख्या कोणती?’ यापेक्षा ‘आकृती कशी वाढते?’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सूत्र तेच का आले, हे मुलाला आकृतीवर बोट ठेवून सांगता आले, तर ते पाठ करण्याची गरज उरत नाही.